तळघरातलं पाणी उपसायची घाई नको

(दृश्य: आयर्विन पूल. पाणीपातळीची मोजपट्टी. खालून गढूळ कृष्णा.)

पावसाळ्यात सांगलीत चहाच्या गाड्यावर पहिला प्रश्न एकच असतो, "पुलाला किती फूट?" आयर्विन पुलाजवळ 40 फूट ही इशारा पातळी आणि 45 फूट ही धोका पातळी. 2019 च्या ऑगस्टमध्ये हा आकडा 57 फुटांच्या वर गेला होता. आकडा चढत असतो तोवर सगळ्यांचं लक्ष नदीकडे. तो उतरायला लागला की लक्ष पंपाकडे जातं. गणपती पेठेतली गोदामं, हरभट रोडवरच्या दुकानांखालचे गाळे, अपार्टमेंटचं तळातलं पार्किंग, सगळीकडे एकच घाई. कसंही करून आजच्या आज पाणी बाहेर काढायचं.

नेमकी हीच घाई महागात पडते. पुरात शाबूत राहिलेलं तळघर उपसताना फुटू शकतं.

(दृश्य: पाण्याने भरलेलं तळघर. जिन्याच्या सहा पायऱ्या बुडालेल्या.)

कारण सोपं आहे, फक्त ते डोळ्यांना दिसत नाही. रस्त्यावरचं पाणी ओसरलं म्हणजे जमिनीतलं ओसरलं असं नाही. नदी फुटाफुटाने उतरते, पण काळी माती प्यायलेलं पाणी सहजासहजी सोडत नाही. शामरावनगरसारख्या सखल भागात रस्ता वाळून धूळ उडायला लागते, तेव्हाही हातभर खाली चिखल असतो. तळघराच्या भिंतींना आणि फरशीला बाहेरून हे पाणी रेटत असतं.

रेटा किती, ते पाहू. तळघर दहा फूट खोल आहे आणि भोवतालची जमीन वरपर्यंत पाण्याने भरलेली आहे असं धरा. फरशीच्या प्रत्येक चौरस फुटाला खालून सुमारे 280 किलोचा दाब बसतो. सहा इंच जाडीच्या साध्या काँक्रीटचं वजन चौरस फुटाला जेमतेम 35 किलो. भिंतीच्या दर फूट लांबीवर बाहेरून साधारण 1400 किलोचा रेटा येतो आणि त्यातला बराचसा तळाकडे असतो. पाणी आतही तेवढंच असतं तेव्हा दोन्ही दाब एकमेकांना तोलून धरतात. आतलं पाणी एका रात्रीत काढलं की तोल गेला. मग फरशी मधोमध फुगते, कोपऱ्यात तडा जातो, भिंत आतल्या बाजूला पोट काढते. म्हणजे तळघरातलं घाण पाणी त्या घडीला तुमच्या भिंतीला दिलेला टेकू असतो.

हरिपूरची हळदीची पेवं सांगलीकरांना माहीत आहेत. जमिनीत खणलेली ही कोठारं पिढ्यान्‌पिढ्या वापरात होती. 2005 च्या पुरात त्यातली बरीच कामातून गेली. जमिनीच्या पोटातल्या पोकळीला दारातून येणाऱ्या पाण्याची भीती असतेच, पण मातीतून झिरपणाऱ्या पाण्याला दारही लागत नाही आणि कुलूपही अडवत नाही.

(दृश्य: विजेचे मीटर बसवलेली पार्किंगची भिंत. मीटरच्या पेट्यांवर गाळाची रेघ.)

उपसा नंतर. त्याआधी वीज. बऱ्याच इमारतींत मीटर आणि मेन स्विच पार्किंगमध्येच असतात, म्हणजे स्विच बंद करायला पाण्यातून जावं लागतं. तसं जायचं नाही. पाण्यात उभं राहून, ओल्या हाताने किंवा काठीने ढकलूनही मेन स्विच पाडायचा नाही. महावितरणच्या 1912 वर फोन करून पुरवठा खांबावरूनच तोडायला सांगा.

पुरवठा तुटला तरी तीन गोष्टी जिवंत राहतात. तळघरात ठेवलेला इन्व्हर्टर बॅटरीवर चालतच असतो. शेजाऱ्याने जनरेटर लावून चुकीच्या जोडणीने लाईन भरली असेल, तर वीज उलटी येते. आणि छतावर सोलर असेल, तर ऊन आहे तोवर पॅनेलपासून खाली येणाऱ्या तारांत वीज असते, मेन बंद असला तरी.

लिफ्ट वरच्या मजल्यावर असेल तर तिथेच राहू द्या. खड्ड्यातलं पाणी काढून, लिफ्टच्या माणसाने तपासून हिरवा कंदील देईपर्यंत बटण दाबायचं नाही.

दुसरा धोका हवेचा. गॅस सिलिंडर बुडून तरंगला असेल, नळी सुटली असेल, तर एलपीजी हवेपेक्षा जड असल्याने तळघरात साचून राहतो. वास आला तर काडी, बॅटरी, मोबाईल काही पेटवू नका, बाहेर या आणि 1906 वर कळवा. गटाराचं पाणी शिरलं असेल तर सडक्या अंड्यासारख्या वासाचा वायूही असू शकतो. तो जास्त प्रमाणात असला की नाकच बधिर होतं, वास येणं थांबतं, आणि माणसाला वाटतं हवा स्वच्छ झाली. म्हणून खाली उतरण्याआधी दारं, झरोके, रॅम्पचं शटर सताड उघडून हवा खेळू द्या. एकट्याने उतरायचं नाही, वर एक माणूस उभा हवाच. पायात गमबूट, हातात लांब काठी. पुरात आलेले साप कोरड्या फळीवर, जिन्याखाली, टायरच्या पोकळीत बसलेले असतात. दिसला तर हाकलायला जाऊ नका, सर्पमित्राला बोलवा.

जुन्या वाड्याचं तळघर असेल तर एक पाऊल मागेच थांबा. गावभागातल्या जुन्या बांधकामात दगडाच्या सांध्यांत चुना किंवा नुसती माती असते. मातीचा सांधा पाण्यात विरघळून वाहून जातो, दगड एकावर एक नुसते ठेवल्यासारखे उरतात. भिंतीचा फुगवटा, नवी भेग, दारं अचानक घासायला लागणं यातलं काहीही दिसलं तर अभियंत्याने पाहिल्याशिवाय आत कुणी जायचं नाही.

(दृश्य: भिंतीवर खडूची आडवी खूण. शेजारी तारीख आणि वेळ.)

आता उपसा. उपसा सुरू करायची पहिली अट अशी की घराभोवती जमिनीवर उभं पाणी नसावं. ते असताना उपसणं म्हणजे नदीच उपसणं.

भिंतीवर आजच्या पातळीची खूण करा. फक्त एक फूट पाणी काढा, नवी खूण करा, पंप बंद करा आणि रात्र जाऊ द्या. सकाळी पाणी खुणेच्या वर चढलेलं असेल, तर बाहेरची जमीन अजून भरलेली आहे. एक दिवस थांबा, पुन्हा एक फूट काढून पाहा. पाणी खुणेवरच राहिलं, तर त्या दिवसापासून रोज दोन ते तीन फूट काढायला हरकत नाही. रोज नवी खूण, रोज भिंतीची पाहणी.

पंप मोठा आणला म्हणून हे काम लवकर होत नाही, हे हिशेबाने कळतं. चाळीस बाय तीस फुटांच्या तळघरात एक फूट पाणी म्हणजे सुमारे 34,000 लिटर. सहा फूट असेल तर दोन लाख लिटरच्या पुढे, म्हणजे दहा हजारी टँकरच्या वीस खेपा. दोन इंची इंजिन पंपाने प्रत्यक्षात मिनिटाला 400 लिटर ओढले, तरी एक फूट पाणी दीड तासात निघतं. वेळ पंपाला लागत नाही, जमिनीला लागतो. तीन पंप लावून मिरवण्यात अर्थ नाही.

(दृश्य: रस्त्यावर ठेवलेला इंजिन पंप. धुराचं नळकांडं तळघराच्या विरुद्ध दिशेला.)

इंजिन पंप आणि जनरेटर कधीही तळघरात, जिन्यात किंवा रॅम्पवर ठेवायचे नाहीत. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि माणूस झोप लागल्यासारखा कोसळतो. खिडकी-दारापासून किमान वीस फूट दूर ठेवा. वर ठेवलेला पंप पाणी साधारण वीस-बावीस फुटांपर्यंतच ओढू शकतो, त्याहून खोल असेल तर पाण्यात सोडायचा मड पंप लागेल. त्याच्या वायरला पाण्यात जोड नको, अर्थिंग हवं, आणि मध्ये 30 मिलीअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) हवाच.

बोअरचा सबमर्सिबल इथे लावू नका. त्यातल्या पंख्यांमधल्या फटी बारीक असतात, गाळाने घासून निकामी होतात. घरचाच आहे म्हणून फुकट वाटतो, पण नंतर पंपाची किंमत मोजावी लागते.

सक्शन पाईपचं तोंड तळाला टेकवू नका. वेताच्या किंवा प्लास्टिकच्या पाटीत ठेवून भोवती शेडनेट गुंडाळा आणि दोरीने तळापासून फूटभर वर टांगा. पंप गुरगुरतो पण पाणी येत नाही, तेव्हा दहातल्या नऊ वेळा दोष पंपाचा नसतो. क्लिप ढिली असते, पाईप हवा ओढत असतो, किंवा फूट व्हॉल्व्हमध्ये (पाईपच्या तोंडाशी असलेल्या झडपेत) कचरा अडकलेला असतो. डिलिव्हरीचा पाईप तुंबलेल्या गटारात सोडला, तर तेच पाणी तळघराच्या जाळीतून परत वर येतं. पाणी खरोखर वाहून जातंय अशा जागेपर्यंत पाईप न्या. शेजाऱ्याच्या दारातही सोडू नका. पूर ओसरतो, भांडण राहतं.

उपसताना फरशी आणि भिंतीच्या सांध्यावर नजर ठेवा. सांध्यातून स्वच्छ पाणी पाझरत असेल तर वेग कमी करा. गढूळ पाणी, बारीक वाळू किंवा माती येत असेल तर पंप ताबडतोब बंद करा. ती माती पायाखालून निघते आहे आणि तिथे पोकळी तयार होते आहे. पातळी वाढली तरी चालेल, वाढू द्या.

याला अपवाद आहे. पाईप फुटून किंवा एका रात्रीच्या ढगफुटीने रॅम्पवरून पाणी शिरलं असेल आणि भोवतालची जमीन कोरडी असेल, तर लगेच उपसता येतं. नदीचा पूर आणि नळाचं पाणी यांना एकच नियम लावू नये.

हाच दाब जमिनीतल्या पिण्याच्या टाकीलाही लागू आहे. भोवती ओल असताना टाकी रिकामी केली, तर ती होडीसारखी उचलली जाते, विशेषतः प्लास्टिकची. धुण्याची वेळ आली की गाळ काढून घासा, स्वच्छ पाण्याने भरा आणि हजार लिटरला 150 ग्रॅम या मापाने टीसीएल पावडर (ब्लीचिंग पावडर) बादलीत कालवून, वरची निवळी टाकीत ओता. बारा तास ठेवून ते सगळं पाणी सोडून द्या. हे पाणी टाकी शुद्ध करण्यासाठी आहे, पिण्यासाठी नाही.

(दृश्य: फावडं, घमेलं, वायपर. गाळाने माखलेली फरशी.)

गाळाच्या बाबतीत मात्र घाईच करायची. ओला असतो तोवर वायपरने ढकलला जातो. दोन दिवस ऊन-वारा लागला की कुदळीशिवाय निघत नाही. म्हणून पातळी जसजशी उतरेल तसतशी उघडी पडणारी भिंत त्याच दिवशी धुऊन घ्या. गाळ निघाल्यावरच टीसीएल वापरा, कारण चिखलावर टाकलेली पावडर चिखलातच खर्ची पडते. फरशीला पंधरा लिटरच्या बादलीत पाव किलो पुरते. त्यात संडास धुण्याचं ॲसिड मिसळू नका. त्यातून क्लोरीन वायू निघतो आणि बंद तळघरात तो जीवघेणा आहे. पायाला जखम असलेल्याने या कामात उतरू नये. लेप्टोस्पायरोसिस या तापाच्या आजाराची लागण अशाच पाण्यातून होते. काम करून आठवड्या-दोन आठवड्यांत ताप आला, तर पाण्यात काम केल्याचं डॉक्टरांना आवर्जून सांगा.

गाळ काढण्याआधी फोटो काढा. भिंतीवरची पाण्याची रेघ, बुडालेला माल, यंत्रांचे नंबर, सगळं. स्वच्छ केलेल्या गोदामाचा पंचनामा करणं तलाठ्यालाही अवघड आणि विम्याच्या सर्व्हेअरलाही. विमा कंपनीला त्याच दिवशी कळवा. पॉलिसीत तळघरातला माल धरला आहे का ते पाहा, काहींत तो वगळलेला असतो.

बुडालेली गाडी सुरू करून बघायचा मोह आवरा. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर एका स्टार्टरमध्ये कनेक्टिंग रॉड वाकतो. बॅटरीची वायर काढा आणि गाडी उचलून न्या. विजेवरची स्कूटर बुडाली असेल तर ती इमारतीपासून पन्नास फूट लांब उघड्यावर ठेवा. तिची बॅटरी काही दिवसांनीही पेट घेऊ शकते.

ओले कागद उलगडायला जाऊ नका. प्लास्टिकच्या पिशवीत घालून फ्रीजरमध्ये ठेवले की बुरशी थांबते, मग सवडीने एकेक वाळवता येतात. सातबारा ऑनलाइन मिळतो, खरेदीखताची नक्कल दुय्यम निबंधकाकडे मिळते. त्यासाठी जीव धोक्यात घालून कपाट उघडण्याची गरज नाही.

वायरिंगच्या पाईपमध्ये गाळ बसलेला असतो. बुडालेले स्विच, एमसीबी आणि मीटरची जोडणी वाळवून वापरायची नसते, बदलायची असते. उरलेल्या वायरिंगची वायरमनकडून मेगरने (वायरच्या आवरणातून वीज गळते का ते मोजणाऱ्या यंत्राने) चाचणी करून घ्या. 500 व्होल्टला किमान एक मेगओहम दाखवल्याशिवाय मेन चढवू नका.

(दृश्य: पोपडे निघालेली भिंत. पांढरा लोणा.)

शेवटी रंग. ऑगस्टमध्ये पूर येतो आणि दिवाळीला घर रंगवायची घाई होते. सिमेंटचा गिलावा वरून कोरडा दिसतो, आतली वीट महिनोन्‌महिने ओली असते. वर पुट्टी आणि रंग चढवला की ओल कोंडते, लोणा फुटतो आणि होळीपर्यंत पोपडे पडतात. जिप्समचा थर असेल तर तो खरवडूनच काढा, तो वाळत नाही, भुगा होतो. रंगाआधी दीड फूट चौरस प्लास्टिकचा कागद भिंतीवर ठेवा, चारही कडा चिकटपट्टीने बंद करा आणि दुसऱ्या दिवशी पाहा. कागदाच्या आत दव दिसलं, तर रंगाचा डबा अजून उघडायचा नाही.