अमक्याची बायको

नमस्कार, श्रोतेहो.

आपल्याकडे नवऱ्याचं नाव घ्यायला उखाणा लागतो. पण स्वतःचं नाव सांगायला बाईला काय लागतं? ऐका तर.

१९३० च्या सुमारास देशात बायकांच्या तीन मोठ्या संघटना होत्या आणि तिघींचे रंग वेगळे. विमेन्स इंडियन असोसिएशन १९१७ साली मद्रासजवळ अड्यारला निघाली, थिऑसॉफिस्ट, म्हणजे सगळ्या धर्मांतलं एकच सत्य शोधणाऱ्या पंथाच्या मंडळींच्या पुढाकारानं. १९२५ च्या नॅशनल कौन्सिल ऑफ विमेनमध्ये बड्या घराण्यांतल्या बायका. अखिल भारतीय महिला परिषद आपल्या पुण्यातली! १९२७ च्या जानेवारीत फर्ग्युसन कॉलेजात भरली, बडोद्याच्या महाराणी चिमणाबाई अध्यक्ष, आणि विषय होता शिक्षण.

तिघी मतासाठी एकत्र आल्या. तेव्हा मताचा हक्क मालमत्तेला बांधलेला, आणि बाईच्या नावावर मालमत्ता कुठली? सरकारनं तोडगा काढला: नवऱ्याची मालमत्ता असेल तर बायकोलाही मत द्यावं. त्यानं मतदार बायका लाखांनी वाढणार होत्या. तरी संघटना म्हणाल्या, मत लग्नावर अवलंबून नको, प्रत्येक सज्ञान माणसाला द्या. कायदेमंडळात बायकांसाठी राखीव जागाही नकोत. १९३३ साली राजकुमारी अमृत कौर, डॉ. मुथुलक्ष्मी रेड्डी आणि बेगम शरीफा हमीद अली यांनी या संघटनांच्या वतीनं लंडनला ब्रिटिश संसदेच्या समितीपुढे एकत्र साक्ष दिली.

सगळ्याच बायका त्यांच्या मागे होत्या असं नाही. गोलमेज परिषदेला गेलेल्या मद्रासच्या राधाबाई सुब्बरायन यांना राखीव जागा हव्या होत्या. त्याशिवाय बायका निवडून येणार कशा, हा त्यांचा सवाल आजही मला खोडता येत नाही.

ब्रिटिशांनी केलेल्या १९३५ च्या भारत सरकार कायद्यात 'बायको म्हणून मत' राहिलंच, राखीव जागाही आल्या, त्याही धर्मवार वाटलेल्या. प्रत्येक सज्ञान बाईला मत मिळालं ते राज्यघटनेनं.

मग पहिल्या निवडणुकीच्या याद्या तयार होऊ लागल्या. परक्या माणसाला नाव सांगायचं नाही, म्हणून उत्तरेकडे कित्येक बायकांनी लिहवलं: अमक्याची बायको, तमक्याची मुलगी. निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी बजावलं, नाव नाही तर नोंद नाही. सुमारे २८ लाख बायका यादीतून गळाल्या. कठोरच निर्णय. पण लंडनला गेलेल्या त्या तिघींना तो पटला असता, असं मला वाटतं.

नावं भरून घ्यायला बिहारला महिनाभर जादा मुदत मिळाली, आणि तिथली यादी बरीच सुधारली. राजस्थानलाही तशीच मुदत होती. तिथे फार थोड्या जणींनी नाव सांगितलं.