बाहुलीतली पांढरी चमक

श्रोतेहो, नमस्कार.

फ्लॅश लावून लहान मुलाचा फोटो काढला की डोळ्यांच्या बाहुल्या कधीकधी लाल दिसतात. तो रंग डोळ्याच्या मागच्या पडद्यातल्या रक्ताचा, त्यात काळजीचं काही नाही. पण एखाद्या बाहुलीत पांढरी चमक दिसली, किंवा मूल नव्यानं तिरळं बघू लागलं, तर त्याच आठवड्यात नेत्रतज्ज्ञ गाठा. जन्मजात मोतीबिंदूमुळेही असं होतं. पण ते या मागच्या पडद्याच्या, म्हणजे दृष्टिपटलाच्या कर्करोगाचं, रेटिनोब्लास्टोमाचं, लक्षणही असू शकतं. साधारण पंधरा ते वीस हजार बाळांमागे एकाला होणारा हा आजार. गाठ मुळात कशी बनते, याचं मोठं कोडं त्यानंच उलगडून दिलं.

१९७१ साली अमेरिकेत ह्यूस्टनला डॉ. आल्फ्रेड नुडसन यांनी अशा ४८ मुलांच्या नोंदी तपासल्या. दोन्ही डोळ्यांत गाठी असलेल्या मुलांचं निदान लवकर होत होतं, एकाच डोळ्यात गाठ असलेल्यांचं बरंच उशिरा. त्यांनी वयाचे आलेख मांडले. पहिल्या गटाचा आलेख असा उतरत होता, की जणू एकच बिघाड व्हायचा बाकी होता. दुसऱ्या गटात दोन बिघाड व्हावे लागत होते. हे बिघाड ज्या जनुकात होतात, ते तेव्हा कुणी पाहिलेलंही नव्हतं! १९८६ मध्ये ते हाती लागलं: तेराव्या गुणसूत्रावरचं आरबी-१.

त्याच्यापासून बनणारं प्रथिन पेशीविभाजनाचा ब्रेक आहे. प्रत्येक पेशीत या जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून आलेली, एक वडिलांकडून. एक बिघडली तरी दुसरी काम भागवते. दुसरीही गेली, की ती पेशी न थांबता विभागत राहते. ही दुसरी प्रत अनेकदा विभाजनाच्या वेळीच जाते. कधी गुणसूत्राचा तेवढा तुकडाच गळतो. पुढे आणखी बिघाडांची भर पडते आणि गाठ फोफावते. पडद्याच्या कोवळ्या पेशींचं विभाजन लहानपणीच थांबतं, म्हणून हा आजार बहुधा पाच वर्षांच्या आतच दिसतो.

ज्या बाळाच्या सगळ्याच पेशींत एक प्रत जन्मतः बिघडलेली आहे, त्याच्या पडद्यातल्या लाखो पेशींपैकी कुठल्याही पेशीत एकच बिघाड पुरतो. म्हणून गाठी लवकर होतात, अनेक होतात.

असा जन्मजात दोष सुमारे ४० टक्के रुग्णांत सापडतो. पण त्यातल्या बहुतेकांच्या घराण्यात हा आजार आधी कुणालाच नसतो. दोष नव्यानं, बहुधा वडिलांच्या शुक्रपेशीत घडलेला असतो. ग्रहणात आईनं काही चिरलं म्हणून हे झालं, असं कुणी म्हणत असेल तर त्याला तिथेच थांबवा. त्या माउलीचा यात काडीचाही दोष नाही.

गाठ एकाच डोळ्यात आहे, म्हणून जन्मजात दोष नाही असं समजू नका. अशा मुलांपैकीही साधारण १५ टक्क्यांत तो असतो. म्हणून प्रत्येक मुलाची रक्ताची जनुकीय तपासणी व्हावी. डोळा काढावा लागलाच, तर गाठीचा नमुना जपून ठेवायला डॉक्टरांना शस्त्रक्रियेआधीच सांगा. गाठीत दोन्ही बिघाड सापडले, की रक्तात नेमकं काय शोधायचं ते कळतं. दोष रक्तात मिळाला, तर आईवडिलांची आणि भावंडांचीही तपासणी करावी. अशा रुग्णाला पुढे मूल झालं, तर त्या बाळात दोष उतरण्याची शक्यता निम्मी असते. त्याचे डोळे जन्मानंतर लगेच आणि पुढे दर काही आठवड्यांनी तपासावेत.

जन्मजात दोष असलेल्या मुलांत शक्यतो बाहेरून किरणोपचार टाळतात. हाडांच्या आणि स्नायूंच्या पेशींतही एकच चांगली प्रत उरलेली असते, ती किरणांनी तुटू शकते आणि पुढे तिथेही गाठ होऊ शकते. केमोथेरपी, लेझर किंवा गोठवण्याचे उपचार आधी विचारात घेतात. अशा मुलांचे उपचारांचे कागद आयुष्यभर सांभाळा. पुढे हाड सतत दुखू लागलं किंवा कुठे गाठ जाणवली, तर कुठल्याही डॉक्टरांना पहिल्याच भेटीत लहानपणीच्या या आजाराबद्दल सांगा.