एका दोराचा प्रवास : थीम पार्कमधील गोंडोला

[दृश्य : पहाटेचे धुके, तळ्याच्या काठाने उभे असलेले उंच खांब आणि त्यांच्यावरून सरकत जाणाऱ्या रंगीत केबिन]

मोठ्या थीम पार्क रिसॉर्टमध्ये सुट्टी घालवून परतलेल्या माणसाला त्या दिवसाबद्दल विचारले, तर तो खेळांविषयी आणि रोषणाईविषयी बोलतो. त्यातला किती वेळ बसथांब्यावर, वाहनतळावर आणि फाटकापाशी ताटकळण्यात गेला, हे सहसा त्याच्या सांगण्यात येत नाही. रिसॉर्ट चालवणाऱ्यांना मात्र हाच वेळ सतत डोळ्यांपुढे ठेवावा लागतो, कारण सकाळी हॉटेलांतून पार्ककडे आणि रात्री आतषबाजी संपल्यावर पार्कमधून हॉटेलांकडे जाणारी हजारो माणसे जवळजवळ एकाच वेळी निघतात.

अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यातले वॉल्ट डिस्ने वर्ल्ड सुमारे 100 चौरस किलोमीटरवर पसरलेले आहे. विस्ताराच्या दृष्टीने ते एक शहरच आहे. 1971 मध्ये ते सुरू झाले तेव्हापासून तेथे मोनोरेल आणि बोटी आहेत, आणि हॉटेले वाढत गेली तसा बसगाड्यांचा ताफाही वाढत गेला. या सगळ्यात 29 सप्टेंबर 2019 रोजी आणखी एका वाहनाची भर पडली, ती म्हणजे डिस्ने स्कायलायनर. तीन मार्ग, पाच स्थानके आणि प्रत्येकी दहा माणसे बसतील अशा सुमारे 300 केबिन असलेली ही गोंडोला व्यवस्था, म्हणजे फिरत्या दोराला लटकून जाणाऱ्या केबिनची व्यवस्था, डॉपलमायर या ऑस्ट्रियातील कंपनीने उभारली. बर्फाच्छादित डोंगरांवर स्की खेळणाऱ्यांना माथ्यावर पोहोचवण्यासाठी जे तंत्र वापरले जाते, तेच येथे जवळजवळ सपाट आणि पाणथळ जमिनीवर आले.

[दृश्य : स्थानकातील भले मोठे आडवे चाक आणि त्याला वळसा घालणारा पोलादी दोर]

या व्यवस्थेचा सगळा भार एका दोरावर आहे. पोलादी तारांचे पेड एकमेकांभोवती पिळून तो तयार होतो आणि त्याची दोन टोके गाठ मारून नव्हे, तर पेड एकमेकांत गुंफून अशा रीतीने जोडतात, की सांधा कोठे आहे हे सहजासहजी ओळखू येऊ नये. दोन टोकांच्या स्थानकांतील प्रचंड चाकांभोवती हा दोर अखंड फिरत राहतो. केबिन त्याला कायमची बांधलेली नसते. तिच्या डोक्यावर स्प्रिंगच्या दाबाने दोराला घट्ट धरणारी पकड असते. स्थानकात शिरताना ती पकड उघडते, केबिन दोरापासून सुटते आणि ओळीने बसवलेल्या रबरी टायरांवरून तिचा वेग कमी कमी होत जातो. माणूस रमतगमत चालेल इतक्या गतीने ती फलाटाच्या कडेने सरकते, दारे उघडतात, उतरणारे उतरतात, चढणारे चढतात. मग पुढचे टायर तिला पुन्हा वेग देतात आणि दोराच्या वेगाशी तिचा वेग जुळला की पकड मिटते. बाहेर दोर ताशी सुमारे 17 ते 18 किलोमीटर वेगाने धावत असतो, आणि आत चढणाऱ्या आजीबाईंना त्याची जाणीवही होत नाही. ज्यांना सरकत्या केबिनमध्ये चढणे शक्य नाही, त्यांच्यासाठी केबिन मुख्य रांगेतून वेगळ्या रुळावर वळवून पूर्ण थांबवता येते आणि चाकाची खुर्ची घाई न करता आत नेता येते. माझ्या मते सबंध यंत्रणेतली सर्वांत समंजस रचना हीच आहे.

ताशी 18 किलोमीटर हा वेग सायकलस्वाराचा आहे, बस याहून वेगाने धावते. मग गोंडोलाचा लाभ कोठे आहे? समजा, दहा माणसांची एक केबिन दर दहा सेकंदांनी सुटते आहे. तासाला 360 केबिन म्हणजे 3,600 जागा झाल्या. तेवढीच माणसे पन्नास जणांच्या बसमधून न्यायची, तर तासाला 72 बस लागतील, म्हणजे दर 50 सेकंदांनी एक बस भरून निघायला हवी. त्या प्रत्येक बसला चालक लागतो, रस्ता लागतो, आणि सिग्नलला थांबावेही लागते. गोंडोलाच्या रांगेत पाऊल अडत नाही, रांग लांब असली तरी ती सरकत राहते. वेळापत्रक नसल्यामुळे ‘गाडी आत्ताच गेली’ हे वाक्य येथे कोणाच्या तोंडी येत नाही. जमिनीचा विचार केला तरी हिशेब सोपा आहे. मोनोरेलला सलग तुळई आणि तिच्याखाली ठरावीक अंतरावर आधार लागतात, तर गोंडोलाला दूर दूर उभे केलेले काही खांब पुरतात आणि मधली तळी, झाडी व रस्ते जसेच्या तसे राहतात.

आकाशातून नेणारे पाळणे थीम पार्कला नवे नाहीत. कॅलिफोर्नियातील डिस्नेलँडमध्ये 23 जून 1956 रोजी ‘स्कायवे’ सुरू झाला. स्वित्झर्लंडमधील फॉन रोल कंपनीने तो बांधला होता आणि टुमॉरोलँड व फँटसीलँड हे पार्कचे दोन भाग त्याने जोडले होते. 1959 मध्ये त्याच्या वाटेवर आल्प्समधील मॅटरहॉर्न शिखराच्या धर्तीवरचा कृत्रिम पर्वत उभा राहिला, तेव्हा स्कायवेला हटवण्याऐवजी पर्वतालाच आरपार भोक ठेवण्यात आले. फ्लोरिडात आणि टोकियोतही असे स्कायवे आले. परंतु 1994 मध्ये कॅलिफोर्नियातील, 1998 मध्ये टोकियोतील आणि 1999 मध्ये फ्लोरिडातील स्कायवे बंद झाला. त्या वेळचा पाळणा पार्कच्या कुंपणाच्या आतच फिरत असे, आणि त्यात बसणे हीच मौज होती. स्कायलायनरचे काम वेगळे आहे. तो हॉटेलातून माणसाला उचलतो आणि पार्कच्या दाराशी सोडतो, आणि त्यासाठी तिकीट घेत नाही.

[दृश्य : कॅरिबियन बीच स्थानक, तिन्ही दिशांनी येणाऱ्या केबिन]

तिन्ही मार्ग कॅरिबियन बीच रिसॉर्टजवळ एकत्र येतात. तेथून एक मार्ग हॉलिवूड स्टुडिओज पार्ककडे जातो, दुसरा पॉप सेंच्युरी व आर्ट ऑफ ॲनिमेशन या दोन हॉटेलांनी तळ्याकाठी वाटून घेतलेल्या स्थानकाकडे जातो, आणि तिसरा रिव्हिएरा रिसॉर्टमधून, निरनिराळ्या देशांची दालने असलेल्या एपकॉट पार्ककडे जातो. ताणलेला दोर दोन खांबांमध्ये सरळच धावतो, त्याला रस्त्यासारखा वळसा घेता येत नाही. त्यामुळे दिशा बदलायची तेथे चाकांनी भरलेली एक इमारत बांधावी लागते. एपकॉटच्या मार्गावर अशी एक वळणाची जागा आहे, जेथे केबिन मंदावते, दिशा बदलते आणि दार न उघडताच पुढे निघून जाते. हा मार्ग एपकॉटच्या मुख्य प्रवेशद्वारापाशी न जाता फ्रान्स आणि ब्रिटनच्या दालनांमधल्या मागच्या दाराशी पोहोचतो, त्यामुळे पूर्वी आडबाजूला वाटणारे ते दार आता अनेकांसाठी पहिले दार झाले आहे.

आता या अखंडपणाची दुसरी बाजू पाहू. बस बिघडली तर ती बाजूला घेतात आणि मागची पुढे निघते. एका दोरावरची एक केबिन अडली, तर त्या दोरावरच्या सगळ्याच केबिन जेथे असतील तेथे लटकत राहतात. 5 ऑक्टोबर 2019 च्या रात्री, म्हणजे उद्घाटनाला आठवडाही उलटला नव्हता तेव्हा, एपकॉटच्या मार्गावर रिव्हिएरा स्थानकात केबिन एकमेकींवर आदळून अडकल्या आणि मार्ग थांबला. काही प्रवाशांना तीन तासांहून अधिक काळ हवेत काढावे लागले आणि अग्निशमन दलाला मदतीसाठी यावे लागले. सेवा पुन्हा सुरू झाली ती 14 ऑक्टोबरला.

अशा थांबण्यात फ्लोरिडाची हवा आणखी भर घालते. स्कायलायनरच्या केबिनमध्ये वातानुकूलन नाही. केबिन चालती असताना झरोक्यांतून येणाऱ्या वाऱ्यावर गारव्याची भिस्त आहे, आणि केबिन थांबली की तो वाराही थांबतो. विजा चमकू लागल्या किंवा वादळ जवळ आले, की प्रवाशांना उतरवून सेवा बंद ठेवावी लागते, आणि तेथील उन्हाळ्यात दुपारचे गडगडाटी वादळ ही जवळजवळ रोजची गोष्ट आहे. त्या वेळी जुन्या बसगाड्याच कामाला येतात. ज्या ताफ्याचा भार हलका करण्यासाठी गोंडोला आणला, तो ताफा पूर्णपणे मोडीत काढता येत नाही, ही या योजनेची काहीशी गमतीदार अडचण आहे.

[दृश्य : समुद्रावरून जाणारी केबल कार]

हाँगकाँगच्या ओशन पार्कमध्ये हीच अडचण डोंगराच्या पोटात शिरून सोडवली आहे. 1977 पासून तेथील केबल कार डोंगराच्या दोन बाजूंचे भाग सुमारे दीड किलोमीटरच्या प्रवासाने जोडते. 2009 मध्ये तिच्या जोडीला बोगद्यातून जाणारी ओशन एक्सप्रेस ही दोराने ओढली जाणारी रेल्वे आली, तेव्हा पर्यटकांना वाऱ्यापावसाला न जुमानणारी दुसरी वाट मिळाली. व्हिएतनाममध्ये तर मधे समुद्रच आहे. न्या त्रांग येथे 2007 मध्ये सुरू झालेली 3,320 मीटर लांबीची केबल कार पाण्यात उभ्या केलेल्या मनोऱ्यांवरून विनपर्ल या रिसॉर्टच्या बेटावर जाते, आणि फू क्वोक येथे 2018 मध्ये सुरू झालेला मार्ग 7,899.9 मीटर लांब आहे. या दुसऱ्या मार्गावर तीन दोरांचे तंत्र आहे. दोन स्थिर दोर रुळांचे काम करतात आणि तिसरा केबिनला ओढतो, त्यामुळे खांबांमधले अंतर खूप वाढवता येते आणि वाराही अधिक सोसता येतो. ते एका दोराच्या गोंडोलापेक्षा महाग पडते, म्हणून सपाट जमिनीवर त्याची निवड क्वचितच होते.

[दृश्य : रात्र, रिकामा फलाट, दिव्यांच्या उजेडात काम करणारे तंत्रज्ञ]

रात्री शेवटचा पाहुणा उतरल्यावर खरे काम सुरू होते. या प्रकारच्या गोंडोलामध्ये केबिन दोरापासून सोडवता येतात, त्यामुळे पकड, दारे आणि चाके जवळून तपासता येतात. दोराच्या आतली तुटलेली तार डोळ्यांना दिसत नाही, म्हणून चुंबकीय उपकरणातून दोर सरकवून तो आतून तपासण्याची पद्धत आहे. पहाटे वीज जोडली जाते, चाक फिरू लागते आणि खांबांवरच्या लहान चाकांवरून दोर सरकल्याचा खडखडाट तळ्यापलीकडे ऐकू येतो. पहिल्या केबिन रिकाम्याच बाहेर पडतात, सगळ्या मार्गाला एक फेरी घालून परततात, आणि त्यानंतर खाली रांगेत उभ्या असलेल्या पहिल्या कुटुंबासाठी फलाटाचे दार उघडते.