छापील रेषेवरचा पहिला टाका

श्रोतेहो, नमस्कार. बेळगाव, खानापूर, निपाणी या आपल्या भागात एकदा पाऊस लागला की दुपारी घराबाहेर पडणे होत नाही, आणि घरातली कामे आवरल्यावर तासभर तरी हात मोकळे राहतात. त्या तासात भरतकाम शिकावे असे ज्यांच्या मनात आहे, पण सुई हातात धरायचा धीर होत नाही, त्यांच्याशी मी आज बोलणार आहे.

आपल्याकडे भरतकामाचा विषय निघाला की बोलणे धारवाडच्या कसुतीवर येते, आणि ते साहजिकच आहे. इरकल साडीच्या पदरावर गोपुर, रथ, तुळशीवृंदावन, हत्ती अशी नक्षी कापडावर काहीही न छापता, केवळ उभे-आडवे धागे मोजून उठवायची, गाठ कुठेही मारायची नाही, आणि गवंतीच्या, म्हणजे जाताना सोडलेल्या जागा येताना भरणाऱ्या दुहेरी धावदोऱ्याच्या, टाक्यात तर दोन्ही बाजू सारख्याच दिसल्या पाहिजेत, ही विद्या थोर आहे. मात्र तिच्याकडे पाहून छापील नक्षीवरचे काम कमी प्रतीचे मानण्याची जी सवय आपल्यात आहे, ती मला पटत नाही. धागे मोजणे, नक्षी डोक्यात धरणे आणि टाका सारखा घालणे ही तिन्ही कामे नवशिक्या हाताला एकाच वेळी झेपत नाहीत. छापील रेषा यांतली पहिली दोन कामे स्वतःकडे घेते आणि शिकणारीला फक्त टाक्याकडे लक्ष देऊ देते, म्हणून सुरुवात तिथूनच करावी, असे मी आग्रहाने सांगते.

सामान थोडेच लागते. कापड सुती आणि अंगाने घट्ट असावे, केसमेंट उत्तम. ते आधी धुऊन त्याची खळ काढून टाकावी, नाहीतर काम पूर्ण झाल्यावर पहिल्याच धुण्यात कापड आटते आणि टाक्यांभोवती चुण्या पडतात. कापड ताणून धरायची लाकडी रिंग सहा इंचांची पुरे. तिच्या आतल्या कड्याला जुन्या सुती कापडाची पट्टी गुंडाळली की कापड सरकत नाही. सुया घेताना, नंबर जितका मोठा तितकी सुई बारीक, एवढे ध्यानात ठेवावे. पावसाळी हवेत सुया गंजतात आणि गंजलेली सुई कापडावर तांबूस ठिपका सोडते, म्हणून काम थांबवताना सुई कापडात टोचून ठेवू नये आणि रिंगही काढून ठेवावी.

आता नक्षी उतरवण्याविषयी थोडे सविस्तर सांगते, कारण पुष्कळांचे काम इथेच बिघडते. ट्रेसिंगच्या कागदावर नक्षी काढून तिच्या रेषांवर बारीक सुईने जवळजवळ भोके पाडायची, हा कागद कापडावर पक्का बसवायचा आणि घासलेटात कालवलेली नीळ बोळ्याने त्यावरून हलकेच फिरवायची, ही जुनी पद्धत आजही सर्वांत भरवशाची आहे. गडद कापडावर निळीच्या जागी पांढरी झिंक पावडर वापरतात. बोळा नुसता ओलसर असावा. तो निथळत असला तर नीळ कागदाखाली पसरते आणि रेषेचा पट्टा होतो. नक्षी वाकडी बसू नये यासाठी कापडाची चौघडी घालून इस्त्री फिरवावी, म्हणजे मधोमध फुली उमटते आणि तीवर कागदाचा मध्य जुळवता येतो. एकदा टोचलेला कागद कितीतरी वेळा वापरता येतो, म्हणून तो शेजारणींनी एकमेकींना जरूर द्यावा. घरी हा खटाटोप नको असेल, तर दुकानातून छापलेला रुमालच आणावा. त्यात कसलाही कमीपणा नाही.

एक चूक मात्र करू नये, जी मी शाळकरी वयात केली होती. मी आईच्या पांढऱ्या अभ्र्यावर टंकलेखनाचा कार्बन ठेवून गुलाब उतरवला. त्या कार्बनला मेण असते. माझ्या तळहाताने तो सगळीकडे फासला गेला आणि धुतल्यावरही पूर्ण निघाला नाही, त्यामुळे गुलाबी पाकळ्या कायमच्या मळकट दिसत राहिल्या. शिवणकामाचा वेगळा कार्बन मिळतो, तोच वापरावा. नक्षीच्या खुणा धुऊन जाईपर्यंत कापडाला इस्त्रीही लावू नये, कारण काही पेनांची शाई उष्णतेने पक्की बसते.

दोऱ्याच्या लडीत सहा पदर असतात. सुरुवातीला त्यांतले दोन किंवा तीन घ्यावेत. हातभर दोरा कापून त्याचे टोक चिमटीत धरावे आणि एकच पदर सरळ वर ओढावा. खालचे पदर गोळा होतात, पण पदर निघताच आपोआप सुटे होऊन खाली लोंबतात. दोन पदर एकदम ओढले तर गुंता होणारच. असे एकेक काढलेले पदर पुन्हा शेजारी ठेवून ओवले की टाका भरदार दिसतो. दोऱ्याला गाठ मारू नये. दोन इंच शेपूट मागे सोडावे आणि नंतर ते चार-पाच टाक्यांखालून ओवून टाकावे.

पहिला टाका देठाचा. डावीकडून उजवीकडे जावे, सुई प्रत्येक वेळी मागच्या टाक्याच्या मध्यापाशी वर काढावी आणि दोरा सतत सुईच्या एकाच बाजूला ठेवावा. ही बाजू मध्येच बदलली की दोरीसारखा पीळ तुटतो, आणि तेवढीच जागा पाहणाऱ्याच्या डोळ्यांत भरते. वळणावर टाके आखूड घ्यावेत. टाक्याने छापील रेषा पूर्ण झाकली पाहिजे. रेषेच्या शेजारून गेलेला टाका निळी कड उघडी टाकतो. देठ जमला की साखळी घ्यावी, आणि तिची एकेक सुटी कडी टाचून पाकळ्या कराव्यात. साखळी ओढून घट्ट करण्याचा मोह होतो, तो आवरावा, कारण कडी गोल राहण्यातच तिची शोभा आहे. फुलाच्या मध्यातली गाठ घालताना दोरा सुईभोवती दोनदाच गुंडाळावा आणि सुई आल्या भोकात परत न घालता अगदी शेजारी घालावी, नाहीतर गाठ मागे निघून जाते.

पहिल्या कामाला टेबलक्लॉथ घेऊ नका. एका कोपऱ्यात एक फांदी आणि तीन फुले असलेला रुमाल, किंवा हळदीकुंकवाच्या ताटावरचे झाकण पुरेसे आहे. पूर्ण झाल्यावर ते थंड पाण्यात सौम्य साबणाने धुवावे, पिळू नये, आणि जाड टॉवेलवर पालथे घालून मागून इस्त्री करावी, म्हणजे टाके दबत नाहीत. गडद लाल दोऱ्याचा रंग जातो का, हे मात्र काम सुरू करण्यापूर्वीच ओल्या पांढऱ्या चिंधीवर पाहून घ्यावे.

असे तीन-चार रुमाल झाले की मागची बाजू आपोआप नीट येऊ लागते, आणि हाताला टाक्याची लांबी न मोजता कळू लागते. त्या सुमारास मॅटीच्या, म्हणजे धागे सहज मोजता येतात अशा, कापडाचा वीतभर तुकडा आणा, त्यावर काहीही छापू नका, आणि चार धागे मोजून गवंतीची पहिली ओळ घाला. नमस्कार.