मेगाराची बंदी: युद्धाचं कारण की निमित्त?

ग्रीसमध्ये अथेन्सहून कॉरिंथकडे निघालं की वाटेत मेगारा लागतं. गाव लहान, पण बंदरं दोन, तीही दोन वेगळ्या आखातांवर. इ.स.पू. 432च्या सुमारास अथेन्सने ठराव केला: मेगाराच्या लोकांना आमच्या बाजारात आणि साम्राज्यातल्या बंदरांत मज्जाव. का, तर त्यांनी अथेन्सजवळच्या एल्युसिसच्या देवस्थानची जमीन कसली आणि आमचे पळालेले गुलाम ठेवून घेतले.

431मध्ये अथेन्स आणि स्पार्टा यांच्यात युद्ध पेटलं. ते 404पर्यंत चाललं.

त्याआधी स्पार्टाचे वकील, म्हणजे दूत, येऊन सांगत होते, ठराव मागे घ्या, युद्ध टळेल. चरित्रकार प्लुटार्कने एक किस्सा दिलाय. अथेन्सचा पुढारी पेरिक्लीसने कायद्याकडे बोट दाखवलं, म्हणाला, ठरावाची पाटी उतरवता येत नाही. वकील म्हणाला, मग उतरवू नका. भिंतीकडे तोंड करून ठेवा, त्याला तर कायद्याची आडकाठी नाही ना?

युद्ध स्वतः पाहिलेल्या इतिहासकार थुसिडिडीसच्या लेखी ही सगळी निमित्तं. खरं कारण अथेन्सची वाढती ताकद आणि स्पार्टाने घेतलेली धास्ती. अमेरिका-चीन वादात आज त्याचाच हवाला देतात.

सगळ्यांना ते पटलं नाही. 1907मध्ये अभ्यासक कॉर्नफर्डने बोट रोखलं पिरीयसच्या, म्हणजे अथेन्सच्या बंदरातल्या, व्यापाऱ्यांकडे: त्यांना मेगारामार्गे सिसिलीची वाट हवी होती. 1969मध्ये इतिहासकार डोनाल्ड केगन म्हणाले, युद्ध अटळ नव्हतंच, पुढाऱ्यांचे अंदाज चुकले.

तीनच वर्षांनी जेफ्री द सेंट क्रॉय यांनी पारडंच फिरवलं. दोष स्पार्टाचा. बंदी मेगाराच्या नागरिकांवर होती, मालावर नव्हे. आणि व्यापार तर बहुतांशी परक्यांच्या हातात. मग मेगारा उपाशी कसं मरेल?

पण अथेन्सचा विनोदी नाटककार अ‍ॅरिस्टोफेनीसच्या नाटकात ते मरतंच आहे! भुकेला मेगारावाला पोटच्या पोरींना डुकराची पिल्लं म्हणून विकायला काढतो. हा पुरावा भक्कम वाटतो खरा. मात्र नाटक 425चं आहे, आणि तोवर अथेन्सची फौज वर्षातून दोनदा मेगाराच्या शिवारात घुसून नासधूस करत होती. त्या पोरींची भूक ठरावाच्या खात्यावर टाकायची की फौजेच्या? आम्हाला फौजेच्या वाटते. तरीही स्पार्टाचे वकील त्या एकाच ठरावावर अडून का बसले, याचं समाधानकारक उत्तर सेंट क्रॉय यांच्याकडेही मिळत नाही.