मेव्हणा नाळेवर का बसतो

अध्यक्ष महाशय, वाचनालयाचे कार्यकर्ते आणि एवढ्या पावसात आलेले मालवणकर, नमस्कार. पत्रिकेत ‘लहान यांत्रिक होड्यांतील वेग व इंधनबचत’ असं छापलंय. मला विचारलं असतं तर मी ‘पेट्रोल जातं कुठे’ एवढंच लिहिलं असतं. असो. मासेमारी बंद, होड्या झापांखाली, त्यामुळे तुम्ही सापडलात. ऑक्टोबरात हेच सांगायला दांडीच्या किनाऱ्यावर गेलो तर ‘सर, मागसून बोलू’ म्हणतात आणि मशीन सुरू करतात.

माझं म्हणणं साधं आहे. मशीन किती घोड्यांचं, यापेक्षा होडी पाण्यात किती लांब टेकलीय आणि तिच्यात वजन किती, यावर तिचा परवडणारा वेग ठरतो. हे मी गेली कित्येक वर्षं सांगतोय आणि गेली कित्येक वर्षं लोक मोठं मशीन घेतायत.

आता आमच्या वाडीतल्या एकाची गोष्ट. नाव सांगत नाही, तो बहुतेक तिसऱ्या रांगेत बसलाय. बघू नका मागे! याची सोळा फुटी फायबरची होडी, तिला ९.९ घोड्यांचं मशीन. उत्तम जोडी होती. पण शेजारच्याने पंधराचं घेतलं म्हणून याने पंचवीसचं घेतलं. आपल्याकडे अर्धी अश्वशक्ती शेजाऱ्यामुळे बसते. पहिल्या दिवशी रिकामी होडी घेऊन तो आणि त्याचा मेव्हणा, दोघंच निघाले. होडी अशी उडाली की किनाऱ्यावरची माणसं उभी राहिली. परत आला तो मला म्हणतो, “आवाज आयकलंस मा?”

दुसऱ्या दिवशी जाळी भरली, बर्फ भरला, आणखी दोन माणसं घेतली. मशीनची वेगाची मूठ पूर्ण पिळली. आवाज तोच, पण होडी काही वर येईना. मागचा भाग पाण्यात रुतला, नाळ, म्हणजे होडीचं पुढचं टोक, आकाशात. सुकाणू धरलेल्याला समोर फक्त नाळ दिसत होती, समुद्र नाही. मी किनाऱ्यावरून बघत होतो. तो आला तेव्हा म्हटलं, “आवाज आयकलंय. पण होडी खंय पळता?”

मग कोणीतरी त्याला अक्कल दिली, पुढे वजन टाक. याने मेव्हण्याला नाळेवर बसवलं. आणि गंमत म्हणजे उपाय लागू पडला! नाळ खाली आली, होडी जरा मोकळी झाली. तेव्हापासून मेव्हण्याची ती कायमची जागा. उन्हात, पावसात, अंगावर पाणी घेत बसलेला असतो. मेव्हणा लग्नाला गेला की होडी बंद. हसताय, पण मेव्हणा करत होता ते काम शास्त्रशुद्ध होतं. मशीनचं वजन मागे, टाकी मागे, चालवणारा मागे, आणि माल कुठे ठेवला तर मागेच, कारण तिथे उचलायला सोपं. जाळी दोन हात पुढे सरकवली असती तर मेव्हणा कोरडा राहिला असता.

एक धोक्याची गोष्टही सांगतो, ही हसण्यासारखी नाही. अशी मागे रुतलेली होडी जोरात चालवत असाल आणि मूठ एकदम सोडलीत, तर होडी थांबते, पण तिने मागे उभी केलेली लाट थांबत नाही. ती येऊन मागच्या फळीवरून आत शिरते. याच्या होडीत गुडघाभर पाणी झालं होतं, बर्फाचे तुकडे आणि बांगडे एकत्र तरंगत होते.

हे असं का होतं ते एकोणिसाव्या शतकात विल्यम फ्रूड नावाच्या इंग्रज इंजिनियरने बघून ठेवलंय. माणूस मूळचा रेल्वेतला. १८६७ मध्ये डार्ट नदीत त्याने ‘स्वॅन’ आणि ‘रेव्हन’ अशा दोन आकारांची मॉडेलं पाण्यातून ओढून त्यांचा रोध मोजला. एका वेगाला एक सरस, दुसऱ्या वेगाला दुसरं. म्हणजे ‘चांगली होडी’ असं काही नसतं, कुठल्या वेगाला चांगली ते विचारायचं. पुढे त्याने टॉर्कीला घराजवळ मॉडेलं ओढायचा मोठा हौद बांधला, सरकारी पैशाने. आपल्याकडे… जाऊ दे, अध्यक्ष बघतायत.

होडी चालते तेव्हा पुढे एक लाट उठते, मागे एक. वेग वाढेल तशी या दोन लाटांमधली लांबी वाढते. ती होडीच्या पाण्यातल्या लांबीएवढी झाली की होडी स्वतःच उठवलेल्या लाटेचा घाट चढायला लागते. तो वेग काढायचं गणित: पाण्यातली लांबी फुटांत घ्या, तिचं वर्गमूळ काढा, १.३४ ने गुणा, उत्तर नॉटमध्ये, म्हणजे तासाला किती समुद्री मैल. सोळा फुटांना ५.३६. पंचवीस फुटांना ६.७. छत्तीस फुटांना आठ. (वर्गमूळ सोपं यावं म्हणून मी असल्याच होड्या निवडतो, हे गणिताच्या बाईंनी ओळखलंय.)

चिठ्ठी आली. ‘सात मिनिटे.’ मुख्य विषय तर आत्ता सुरू होतोय! बरं, भराभर सांगतो.

त्या वेगाच्या खाली ताकद साधारण वेगाच्या घनाने लागते. पंचवीस फुटी होडीत पाच नॉटचे सहा केलेत तर तासाला पावणेदोनपटीच्या जवळ इंधन, मैलाला जवळजवळ दीडपट. सहा समुद्री मैलांवर वाचली किती, तर बारा मिनिटं. त्या घाटाच्या वेगाजवळ गेलात की याहून वाईट.

आता सोळा फुटी होडी, पंचवीस घोड्यांचं टू-स्ट्रोक पेट्रोल मशीन. ढोबळ हिशेब धरा, घोड्यामागे तासाला अर्धा लिटर. भरलेली होडी पाच नॉटला, तासाला दोन-अडीच लिटर, म्हणजे किलोमीटरला पाव लिटर. तीच होडी नाळ वर करून आठ नॉटला, पूर्ण मूठ, किलोमीटरला पाऊण लिटरच्या वर. आणि रिकामी, लाटेचा घाट ओलांडून पाण्यावर उचललेली, वीस नॉटला? किलोमीटरला तीसएक शतांश लिटर. म्हणजे चालायचं तर एक तर सावकाश, नाहीतर पूर्ण उचलून. मधल्या पट्ट्यात राहायचंच नाही. पर्यटकांना डॉल्फिन दाखवायला नेता तेव्हा निम्मी मंडळी पुढे बसवा, मग उचलते का बघा. उचलत नसेल तर मूठ सोडा, हळूहळू सोडा, आणि पाचावर या.

आता मशीनचा पाण्यातला पंखा. पूर्ण मूठ दिल्यावर मशीनच्या पुस्तकात दिलेले मिनिटाचे फेरे मिळतात का बघायचं. कमी मिळत असतील तर पिच, म्हणजे एका फेऱ्यात पंखा पुढे किती इंच सरकेल तो आकडा, जास्त आहे. एक इंच पिच कमी केला की दीडशे-दोनशे फेरे वाढतात. जाळी ओढणाऱ्याने आणि हौशी फिरणाऱ्याने एकच पंखा लावू नये. बूड खरवडून साफ ठेवा, शेवाळ-शिंपल्यांचं ओझं तुम्हीच ओढता. देवबागला कर्ली नदीच्या मुखातून बाहेर पडायचं तर ओहोटीबरोबर पडा, आत यायचं तर भरतीबरोबर. तुमचे आजोबा शिडाच्या होडीत हेच करायचे, कारण त्यांना दुसरा इलाज नव्हता. नवीन घेणार असाल तर डिझेल घोड्यामागे तासाला साधारण पाव लिटर घेतं, टू-स्ट्रोकच्या निम्मं. महाग आहे, जड आहे, पण रोज भरलेल्या होडीने जाणाऱ्याने विचार करावा.

घंटा वाजली. शेवटचं: मोजा. मोबाईलवर वेग दिसतो. एकाच मुठीवर एकदा प्रवाहाबरोबर, एकदा प्रवाहाविरुद्ध जा, सरासरी काढा, टाकी आधी काठोकाठ भरून घ्या आणि आल्यावर पुन्हा भरताना किती लागलं ते लिहा. तीन-चार मुठींवर केलंत की पुरे. पंख्याचा आकडा कुठे असतो विचारत होते ना कोणी? मधल्या बोंड्यावर कोरलेला असतो, आधी व्यास, मग पिच. गंजून दिसत नसेल तर पंखाच घेऊन या, मी चहाच्या टेबलाजवळ आहे.