मोळी उतरल्यावर

[दृश्य : पहाट. बालाघाटाच्या डोंगराकडेचं बीड जिल्ह्यातलं एक गाव. चूल. पितळी वाटी.]

करडईचं तेल, घाण्यावरून आणलेलं. वाटी चुलीच्या वैलावर ठेवलीय, कारण तेल तापवायचं नाही, नुसतं कोमट करायचंय. गावात अंग चोळून देणाऱ्या मावशी दोन थेंब स्वतःच्या मनगटावर टाकून बघतात आणि मग वाकळीवर पालथ्या झोपलेल्या बाईच्या पाठीला हात लावतात.

लगेच चोळत नाहीत. हात नुसता ठेवतात. मग कमरेपासून अंगठा वर सरकू लागतो, मणक्याच्या डाव्या अंगानं, अगदी सावकाश. खांद्याच्या फऱ्याखाली येऊन थांबतो.

“इथं धरलंय.”

झोपलेल्या बाईनं श्वास रोखलाय. अंगठा दाबत नाही, हलतही नाही. थोड्या वेळानं श्वास सुटतो, आणि अंगठा पुढं निघतो.

[दृश्य : जुनं छायाचित्रण. उसाचा फड. मोळ्या.]

ही बाई आठ दिवसांपूर्वी कारखान्यावरून परत आली. ऊसतोडीच्या हिशोबात नवरा-बायको म्हणजे दोन माणसं नव्हेत, एक कोयता. दिवाळीच्या आगेमागे टोळ्या निघतात, आणि पट्टा पडला, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपला, की गावाकडं येतात. मधले पाच-सहा महिने वाकून बुडख्याशी घाव घालायचा, पाचट सोलायचं, वाढ्यानं, म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्यानं, मोळी बांधायची. मग ती तीस-चाळीस किलोची मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढायचं.

आमच्या फिल्मसाठी आम्ही हे चित्रण पुन्हा पुन्हा पाहिलं. तोडताना कंबर दुमडलेली, मोळी घेतल्यावर मान खांबासारखी ताठ. दिवसात शेकडो वेळा एकातून दुसऱ्यात. रात्री खोपीत, जमिनीवर झोप. आता घरी आल्यावर तिला पोक आलंय असं सासू म्हणते. कॅमेरा बाजूनं लावला तर ते दिसतंही : कान खांद्याच्या बराच पुढं गेलेला.

“पोक न्हाई ओ,” ती म्हणते, “सरळ झालं की दुखतंय. मग कशाला सरळ व्हायचं?”

[दृश्य : मावशींचे हात, अगदी जवळून.]

या दुखण्यांना आपल्याकडं शब्दांची कमी नाही. उसण भरते, चमक निघते, लचक बसते, शीर शिरेवर चढते, मान आखडते, कंबर धरते. उसण भरली की पायाळू माणसाला बोलवायचं आणि पाठीला त्याचा पाय लावून घ्यायचा, हे मी आजोळी स्वतः पाहिलंय. पायाळू म्हणजे जन्मताना पायांकडून आलेला. उसण बहुतेकदा चार-आठ दिवसांत आपली आपणच सुटते, पण नाव त्या पायाचं व्हायचं.

मावशींच्या हाताला जे सापडतं त्याला त्या ‘गाठ’ म्हणतात. ती कशाची, हे त्यांना विचारलं.

“मला काय ठावं? बोटाला कळतंय तेवढं खरं.”

[दृश्य : जालन्याची मोसंबी. सोलणारे हात.]

हाच प्रश्न अमेरिकेत एका बाईंनी आयुष्यभर धरून ठेवला. आयडा रोल्फ, जन्म १८९६. १९२० साली त्यांनी कोलंबिया विद्यापीठातून जीवरसायनशास्त्रात डॉक्टरेट मिळवली, रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये संशोधन केलं, योगाचाही अभ्यास केला. त्यांचं म्हणणं, आपण हाडं आणि स्नायू बघतो, पण त्यांना गुंडाळणारा पडदा बघतच नाही.

तो पडदा बघायचा तर मोसंबी सोला. सालीखालचा पांढरा थर, फोडींमधले पडदे, आणि फोड उघडली की रसाच्या एकेका पाकळीला आणखी एक झिरझिरीत पापुद्रा. शरीरातही असंच आहे. मटण घेताना खाटीक सुरीच्या टोकानं जी पांढरी झिल्ली ओढून काढतो, तीच ही. हा पडदा आखडला की शरीर ओळंब्यातून जातं, असा रोल्फ यांचा सिद्धांत. गवंडी भिंत ओळंब्यात आणतो तसं माणसाला आणायचं, बोटांच्या पेरांनी, कोपरानं, दहा बैठकांत. या पद्धतीला लोक रोल्फिंग म्हणू लागले. १९७१ मध्ये कोलोरॅडोतल्या बोल्डरला त्यांची संस्था उभी राहिली, १९७९ मध्ये त्या गेल्या.

कल्पना सुरेख आहे. पण २००८ मध्ये काही संशोधकांनी याचं गणित मांडलं. मांडीच्या बाहेरच्या अंगाचा आणि तळपायाचा जाड पडदा हातानं एक टक्का दाबायचा किंवा सरकवायचा म्हटलं, तरी लागणारा जोर माणसाच्या आवाक्याबाहेरचा निघाला. म्हणजे कोपर कितीही रुतवा, तो पडदा ओल्या मातीसारखा आकार बदलत नाही.

मग उठल्यावर हलकं का वाटतं? कारण हलकं वाटतं हे काही खोटं नाही.

[दृश्य : पुन्हा तोच अंगठा. पडद्यावर सेकंदांचा काटा.]

१९६५ मध्ये मेलझॅक आणि वॉल या दोघा वेदना-संशोधकांनी एक मांडणी केली. दुखण्याचा निरोप मेंदूकडं जाताना पाठीच्या कण्यात एका दारातून जातो, आणि स्पर्शाचा निरोप ते दार थोडं लोटून घेऊ शकतो. ठेच लागली की आपण न शिकवता अंगठा चोळतो, ते यामुळंच. पुढं असंही कळलं की त्वचेत काही बारीक तंतू फक्त सावकाश स्पर्शाला नीट दाद देतात : सेकंदाला एक ते दहा सेंटिमीटर. त्याहून घाईचा हात त्यांना फारसा पोचत नाही.

आम्ही संकलनाच्या टेबलावर मावशींचा अंगठा मोजला. दीड वीत अंतर, दहा सेकंद. सेकंदाला तीन-साडेतीन सेंटिमीटर. मावशी शाळेत गेलेल्या नाहीत.

[दृश्य : एसटी. बीड शहर. फिजिओथेरपीचा छोटा दवाखाना.]

पुढच्या आठवड्यात ती बीडला निघाली. एसटीत २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट आहे, नाहीतर नवरा म्हणाला असता की तेलानं बरं वाटतंय ना, मग कशाला.

दवाखान्यातल्या मॅडम तिशीच्या आतल्या. तिनं पिशवीतून एक्स-रे काढला. गावाकडं त्याला फोटोच म्हणतात.

“मॅडम, माझा मणका सरकलाय.”

“कुणी सांगितलं, ताई?”

“तिकडं एका दवाखान्यात. म्हणले, वजन उचलायचं न्हाई, वाकायचं न्हाई. आता मी काय करू मंग?”

मॅडमनी फोटो उजेडाला धरला, नीट पाहिला आणि बाजूला ठेवला. नंतर त्यांनी आम्हाला जे सांगितलं ते प्रत्येक एक्स-रे सेंटरच्या दारावर लिहावं असं आहे. पाठ अजिबात दुखत नसलेल्या माणसांच्या तपासण्यांचा एक एकत्रित आढावा २०१५ मध्ये आला. त्यात विशीतल्या ३७ टक्के लोकांच्या मणक्यांमधल्या गाद्या झिजलेल्या दिसल्या, आणि ऐंशीच्या घरातल्या ९६ टक्के. गादी झिजणं हे पुष्कळदा केस पिकण्यासारखंच असतं. पण ‘सरकला’ हा शब्द एकदा कानात गेला की बाई वाकताना श्वास रोखते, पाठ लाकडासारखी धरून ठेवते, आणि धरून ठेवलेली पाठ जास्तच दुखते.

मॅडमनी हात ठेवला तेव्हा आम्ही दचकलो. मावशींचीच जागा. फऱ्याखाली, डावीकडं. तसंच थांबणं. इथं तेल मात्र नव्हतं, आणि पंधरा मिनिटांनी हात थांबला.

“उठा आता. ही बादली उचला.”

“मॅडम, वाकायचं न्हाई म्हणलेत.”

“रिकामी आहे. उचला.”

तिनं बादलीकडं असं पाहिलं की जशी ती विहिरीतूनच काढायचीय. मग गुडघ्यात वाकली. उचलली. ठेवली. मॅडमनी तीत तांब्याभर पाणी ओतलं. पुन्हा. आणखी तांब्याभर. सहाव्या वेळी ती हसली, कारण आपण श्वास रोखलेला नाही हे तिच्याच लक्षात आलं.

हातानं दुखणं तासा-दोन तासांसाठी मऊ होतं, आणि तेवढ्या वेळात शरीराला पुन्हा हालचालीची सवय लावून घ्यायची. मॅडमचा सगळा धंदा या एका गोष्टीवर चालतो. नुसतं चोळून घेऊन परत फडात गेलं, तर गाठ तिथंच भेटते.

[दृश्य : बसस्थानकासमोरचं मेडिकल. दारात टांगलेले कमरेचे पट्टे.]

जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशोबानं २०२० साली जगात ६१ कोटी ९० लाख लोकांना कंबरदुखी होती. तीन महिन्यांहून जुन्या कंबरदुखीवर काय करावं, याच्या शिफारशी संघटनेनं डिसेंबर २०२३ मध्ये दिल्या. त्यात दुखणं समजावून सांगणं आहे, व्यायाम आहे. पुरावा फार भक्कम नाही हे मान्य करून मालीश आणि मणक्यावरचे हाताचे उपचारही आहेत. कमरेचा पट्टा सरसकट नको म्हटलंय. वजनं लावून ओढणंही नको.

पट्ट्यांची विक्री जोरात आहे.

[दृश्य : सलूनची रिकामी खुर्ची.]

थोडं माझं. या फिल्मसाठी रात्र-रात्र संकलन करताना मान धरली, तेव्हा मी सरळ न्हाव्याच्या खुर्चीत बसलो. त्यानं चंपी केली आणि न विचारता मान दोन्हीकडं कडकड मोडली. बरं वाटलं. मग तीन दिवस गरगरत होतं. मॅडमना सांगितलं तर त्या आधी रागावल्या, मग समजावलं : झटक्यानं मान फिरवली तर मेंदूला रक्त नेणाऱ्या धमनीचं आतलं अस्तर फाटू शकतं, त्यातून पक्षाघातही होऊ शकतो. क्वचित होतं, पण पन्नास रुपयांच्या दाढीबरोबर घ्यावा असा हा धोका नव्हे.

हात कुठं लावायचा नाही हेही दोघींना पक्कं ठाऊक आहे. मावशी मोडलेल्या हाडाला आणि पोटुशीच्या पोटाला हात लावत नाहीत. मॅडमची यादी लांब : लघवीवरचा ताबा सुटला, बसायच्या जागेला बधिरपणा आला, पायातली ताकद चालली, पाठदुखीबरोबर ताप येतोय, वजन उतरतंय, म्हातारं माणूस पडलंय, तर आधी डॉक्टर. मणक्याचा क्षयही सुरुवातीला साध्या पाठदुखीसारखाच वाटतो.

[दृश्य : पैठण, खड्ड्यातला माग. लातूर, अभ्यासिकेची रांग.]

दुखणारी पाठ फडातच असते असं नाही. पैठणला पैठणी विणणारा खड्ड्यात पाय सोडून दिवसभर जरीवर झुकलेला. लातूरच्या अभ्यासिकेत डॉक्टर व्हायला आलेली पोरं, बारा-बारा तास पुस्तकावर. आई-बाप फोनवर सांगतात, ताठ बस. मॅडमकडं असं कुणी आलं की त्या ताठपणाचं विचारतच नाहीत. “कसा बसतोस ते राहू दे. न उठता किती वेळ बसतोस?” बसायची एकच बरोबर पद्धत असते आणि ती मोडली म्हणून पाठ दुखते, असं ठामपणे सांगता येईल एवढा पुरावा मिळालेला नाही.

[दृश्य : गाव. संध्याकाळ. ओटा.]

मुकादम येऊन गेला. तिनं पुढच्या हंगामाची उचल, म्हणजे आगाऊ मजुरी, घेतली; मुलीची फी आणि बियाणं त्यातच भागायचं. म्हणजे दिवाळीनंतर पुन्हा कोयता. ती रोज सकाळी बादली उचलते, आता ती काठोकाठ भरलेली असते. तिचं दुखणं निम्म्यावर आलंय असं ती सांगते. सासूच्या मते पोक आहे तसंच आहे.

मावशी पैसे घेत नाहीत. कुणी ज्वारी देतं, कुणी तेल. आज तिनं शेरभर ज्वारी आणली. मावशींनी ती सुपात ओतली आणि बसता बसता स्वतःचा खांदा दाबला. त्यांनीही वीस हंगाम मोळ्या वाहिल्यात. हे आम्हाला इतक्या दिवसांत कुणी सांगितलं नव्हतं आणि आम्हीही विचारलं नव्हतं.

ती उठून मावशींच्या मागं बसली. पदर बाजूला केला, अंगठा ठेवला.

“तिथं न्हाई,” मावशी म्हणाल्या. “वर. आणिक वर. हां. आता हलवू नको.”